कुबलनाना आणि जड झालेली फंक्शने

श्री. वसंत कुबल यांनी पहिल्या भेटीत मला बराच वेळ उन्हात उभे करून ठेवले होते, आणि त्याबद्दल आजतागायत माफी मागितलेली नाही. साठीच्या गौरवअंकातला लेख अशा तक्रारीने सुरू करणे शोभत नाही, हे मला कळते. पण संपादक मंडळाने 'पहिल्या परिचयापासून सुरुवात करावी' असे पत्रात लिहिले आहे, आणि आमचा पहिला परिचय असाच झाला.

मी मूळची लातूरची. संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून मी मालवणला, मासळीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका छोट्या कार्यालयात रुजू झाले. आमच्या घरात कोणी मासे खात नाही, मीही खात नाही. नेमणुकीचे पत्र वाचून आईने एवढेच विचारले होते, की तिकडे मोजायला दुसरे काही नाही का. पहिल्याच सकाळी साहेबांनी सांगितले, की सांख्यिकी सहायक कुबल बंदरावर आहेत, त्यांना भेटून घ्या. बंदरावर एक किडकिडीत गृहस्थ उलट्या क्रेटवर बसून होडीतून उतरणाऱ्या टोपल्यांकडे बघत होते. मी समोर जाऊन नमस्कार केला, नाव सांगितले, आणि नावाआधीचे 'डॉक्टर'ही न विसरता सांगितले. त्यांनी माझ्याकडे न बघता पंजा वर केला आणि म्हणाले, "रवा."

मी राहिले. एक होडी रिकामी झाली, मग दुसरी झाली. शेवटची टोपली उतरल्यावर त्यांनी वहीत आकडा लिहिला, पेन खिशाला लावले, उठून दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "आता बोला, मॅडम. मदी बोललात तर बांगडो चुकता."

एव्हाना शेजारी मासे निवडणाऱ्या दोन बायकांनी 'डॉक्टर' हा शब्द ऐकला होता. एकीने लुगडे सावरून मला गुडघा दाखवला. नानांनी तिला शांतपणे समजावले, "ही आकड्यांची डॉक्टर गो. गुडघे मोजतली, बरे करूची नाय." त्या दिवसापासून बंदरावर माझी ओळख कायमची ठरली.

नानांच्या कामाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण या अंकाच्या वाचकांत त्यांचे नातलग आहेत, बंदरावरची माणसे आहेत, आणि यातल्या बऱ्याच जणांना ते नेमके काय करत हे माहीत नसावे. नाना स्वतः मच्छीमार घरातले. वडील तांडेल होते, होडी चालवत. नानांना मात्र होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची. वडिलांनी दोन हंगाम वाट पाहिली आणि मग त्यांना कॉलेजात घातले, असे नाना सांगतात. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, रेडीपासून वर थेट देवगडपर्यंत, लहानमोठ्या प्रत्येक बंदरावर जाऊन उतरलेली मासळी मोजली. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असली की ते कार्यालयात बसून ते आकडे जुळवत.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी संगणकावर प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यांची मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला आणि जुना घरी राहिला. त्या जुन्या यंत्राची स्मृती इतकी तोकडी, की जरा मोठी फाईल उघडली तरी त्याचा पंखा घरघरायला लागे आणि त्यांच्या पत्नी सुमनवहिनी स्वयंपाकघरातून विचारत, की गिरण कित्या चालू केलास. त्या यंत्रावर नाना 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकले. जागा नाही म्हणून त्यांना सवय लागली ती प्रत्येक ओळीला 'ह्येका किती जागा लागता?' असे विचारायची. मला ती सवय तेव्हा कंजूषपणाची वाटे. मी विद्यापीठातून आले होते. तिथे जागा भरली की आम्ही दुसऱ्या यंत्रावर जाऊन बसत असू.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. तो माझ्या फजितीचा आहे, पण नानांचा मोठेपणा तो सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी रुजू झाले त्याच वर्षी आमच्या कार्यालयाकडे एक काम आले. जिल्ह्यातल्या प्रत्येक बंदरावर पुढच्या हंगामात साधारण किती मासळी उतरेल, याचा अंदाज द्यायचा होता. त्या अंदाजावरून उतरते धक्के आणि बर्फाच्या शेडी कुठे दुरुस्त करायच्या याची यादी ठरणार होती. ज्या बंदराचा अंदाज अहवालात नसेल, ते यादीत नसेल, असे वरून स्पष्ट कळवले होते. मी मोठ्या उमेदीने प्रोग्राम लिहिला. त्याची रचना मला स्वतःलाच फार सुंदर वाटत होती. एक मोठे फंक्शन होते, म्हणजे ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा. ते एकेका बंदराचे नाव घेई, सगळ्या वर्षांची नोंदवही उघडे, त्या बंदराच्या दृष्टीने ती अख्खी नव्याने क्रमाला लावी, हिशेब करी, आणि शेवटी त्या बंदरापुरते एक छोटे फंक्शन तयार करून हातात देई. त्या छोट्या फंक्शनला महिना सांगितला की ते अंदाज सांगे. प्रत्येक बंदराचा आपला असा एक छोटा जाणकार, असे मी साहेबांना समजावून सांगितले होते. साहेबांना ते आवडले होते.

प्रोग्राम सुरू झाला आणि अर्ध्यावर बंद पडला. स्मृती भरली, असा संदेश आला. मी यंत्र बंद करून चालू केले. पुन्हा तेच झाले. मग शिपायांनी टेबलफॅन आणून यंत्राकडे तोंड करून लावला, कारण यंत्र तापले असणार असे सर्वानुमते ठरले. साहेबांनी एका शुक्रवारी यंत्राला फूल वाहिले. मी वर कडक शब्दांत पत्र लिहून वाढीव स्मृतीची मागणी केली, आणि आश्चर्य म्हणजे ती मंजूरही झाली. स्मृतीची नवी पट्टी आली, बसली, आणि प्रोग्राम आधीपेक्षा चार बंदरे पुढे जाऊन बंद पडला.

अहवाल द्यायला थोडे दिवस उरले होते. तेव्हा मी एक तोड काढली. मोठी बंदरे ठेवायची आणि जिथे मोजक्याच होड्या आहेत अशी सगळी छोटी बंदरे गाळून 'इतर' या एका ओळीत टाकायची. एकूण आकड्यात काही फरक पडत नव्हता. मी ते बैठकीत मांडले, साहेबांनी मान डोलावली.  बैठक संपल्यावर नानांनी एवढेच विचारले, की उद्या मॅडमना वेळ असेल तर खाजणवाडीला याल का.

खाजणवाडी म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेली सहा होड्यांची वस्ती. एसटीने जाऊन पुढे बरेच चालावे लागले. पार्वती नावाची एक वयस्क बाई तिथल्या होड्यांचा हिशेब ठेवते, म्हणजे डोक्यात ठेवते. नाना आले की ती त्यांना आठवड्याचे आकडे घडाघडा सांगते आणि नाना लिहून घेतात. अशी वीस वर्षे झाली होती. होड्या चिखलातून ओढत वर आणताना मी पाहिल्या, कारण तिथला उतरता धक्का कधीचा फुटून गेला होता. मी सहज पार्वतीला विचारले, की हे सगळे आकडे तुम्ही इतकी वर्षे का सांगता, ते पुढे कुठे जातात. ती माझ्याकडे जरा नवलाने बघत म्हणाली, "नाना येतत, इचारतत, आमी सांगतो. ता खंय जाता माका ठावक नाय. पण खंयतरी जाता मां?"

नानांनी तेव्हा दुसरीकडे बघितले. परतीच्या वाटेवर मला वाटत होते, की आता ते उपदेश करणार. त्यांनी केला नाही. बसमध्ये बसल्यावर ते म्हणाले, की मॅडमनी प्रोग्राम कागदावर छापून दिला तर बरे होईल, पडद्यावर वाचायला डोळे साथ देत नाहीत.

खरे सांगते, मला राग आला होता. डॉक्टरेट माझ्याकडे होती. पण कागद दिले. नाना ते दोन दिवस डबा खाताना वाचत होते, एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात भाकरी. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, की ही छोटी फंक्शने दिसायला हलकी आहेत, पण त्यांना वजन आहे.

मी म्हटले, वजन मी मोजून पाहिलेले आहे. आर भाषेत एखाद्या गोष्टीने किती जागा घेतली हे सांगणारी आज्ञा आहे. ती चालवून दाखवली. आकडा अगदी किरकोळ आला. नानांनी मान हलवली आणि विनंती केली, की यातले एकच फंक्शन वेगळ्या फाईलमध्ये जतन करून बघू या. केले. फाईल तयार व्हायला इतका वेळ लागला, की मध्ये शिपाई येऊन टेबलफॅन पुन्हा लावून गेले. फाईलचे माप बघितले तर ते आमच्या अख्ख्या नोंदवहीपेक्षाही मोठे होते.

नानांनी मग कागदाच्या पाठीवर चौकोन काढला. ही खोली, म्हणाले. मोठे फंक्शन चालते तेव्हा ते अशा एका खोलीत काम करते. नोंदवही त्या खोलीत असते, लावलेला क्रम असतो, केलेला हिशेब असतो. या खोलीला आर भाषेत एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. काम झाले की खोली मोडली जाते. पण त्या खोलीत जन्मलेले छोटे फंक्शन बाहेर आले, तर ते आपल्या खोलीला धरून राहते. त्याला क्लोजर म्हणतात. ते जोवर आहे तोवर खोली मोडत नाही, आणि खोलीतली नोंदवहीही तशीच राहते. वजन सांगणारी आज्ञा फंक्शनचे वजन सांगते, खोलीचे सांगत नाही. अशी प्रत्येक बंदराची एक खोली, आणि प्रत्येक खोलीत क्रम बदललेली अख्खी वही.

हे सगळे मी परीक्षेत लिहिले होते. चांगले गुणही मिळाले होते. तरी वाद घातलाच. म्हटले, मी नोंदवही काढून टाकण्याची आज्ञा शेवटी दिली आहे, आणि त्यानंतर केर काढण्याची, म्हणजे अडलेली जागा मोकळी करण्याचीही. नाना म्हणाले, ती बाहेरची वही. "तुमी नावाची पाटी काढलात. बिऱ्हाड आत आसाच."

मग त्यांनी त्या छोट्या फंक्शनवर पेन्सिल टेकवली आणि विचारले, की याला अंदाज सांगायला खरोखर काय लागते. मी बघितले. चार आकडे लागत होते. केवळ चार.

"तुमका होयी होती एक पळी," नाना म्हणाले, "आणि तुमी रांदपाची खोली उचलून हाडलात."

इथे साहेबांविषयी सांगणे भाग आहे. ते दारातून जात होते आणि त्यांनी नानांचे शेवटचे बोलणे नव्हे, तर आधीचे ऐकले होते. एन्व्हायर्न्मेंट साचून राहते, ते काढले नाही म्हणून काम अडले आहे, एवढे त्यांच्या कानावर पडले. साहेब कर्तव्यदक्ष. पर्यावरणाची परवानगी राहिली म्हणून जिल्ह्यात किती कामे रखडतात हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी आम्हाला न विचारता, त्याच दुपारी पर्यावरणाशी संबंधित एका कार्यालयाला पत्र पाठवले, की आमच्या संगणकात साचलेले जुने एन्व्हायर्न्मेंट काढून टाकणे अत्यावश्यक झाले असून त्यास तातडीने ना हरकत मिळावी.

आम्ही मात्र परवानगीची वाट न बघता कामाला लागलो होतो. मी म्हटले, छोटे फंक्शन बाहेर पाठवण्याआधी खोलीतली वही टाकून देऊ, एका ओळीचे काम आहे. नानांना ते चालले असते, पण पसंत नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की आज तुम्ही टाकाल, उद्या कोणीतरी ती ओळ विसरेल. त्यापेक्षा छोट्या फंक्शनचा जन्मच वेगळ्या, छोट्या खोलीत होऊ दे, आणि त्या खोलीत फक्त चार आकडे जाऊ देत. म्हणजे धरून ठेवायला दुसरे काही उरणारच नाही. मी तसे लिहिले. ते शेजारी उभे राहून वाचत होते, पण कळफलकाला त्यांनी हात लावला नाही.

प्रोग्राम सुरू केला. शिपाई चहा घेऊन आले होते. मी पडद्यावर बंदरांची नावे एकेक करून सरकताना बघत होते. जिथे दर वेळी थांबायचे ते नाव आले आणि गेले. खाजणवाडी आली आणि गेली. शेवटचे नाव येऊन प्रोग्राम शांतपणे संपला. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या दिवसांचा ताण, मागवलेली पट्टी, लिहिलेली कडक पत्रे, आणि गाळून टाकायला निघालेली ती सगळी छोटी बंदरे, हे एकदम अंगावर आले आणि माझे डोळे भरले. नानांनी ते पाहिले नाही असे दाखवले. ते पेन्सिल खिशाला लावत म्हणाले, "गो बाय, चाय घे. निवतली."

त्या क्षणापर्यंत मी 'मॅडम' होते. त्यानंतर नानांनी मला कधीही मॅडम म्हटले नाही.

साहेबांनी विचारले, नक्की काय बिघडले होते. मी तोंड उघडण्याआधी नाना म्हणाले, की हिने प्रोग्राम नव्याने लिहिला आणि चालला. यातला शब्द न् शब्द खरा होता. मी नंतर त्यांना म्हटले, की अहवालात तुमचे नाव घालते. त्यांनी नको सांगितले आणि त्याऐवजी एक ओळ घालायला लावली: सर्व बंदरांचे आकडे तेथील लोकांनी दिले आहेत. ती ओळ आजही आमच्या प्रत्येक अहवालात असते.

दोन महिन्यांनी त्या दुसऱ्या कार्यालयाचे उत्तर आले. सदर एन्व्हायर्न्मेंट काढून टाकण्यास त्यांची हरकत नव्हती, मात्र काढताना झाडांची तोड होणार असल्यास स्वतंत्र अर्ज करावा, असे त्यात म्हटले होते. साहेब समाधान पावले. नानांनी त्या पत्रावर आवक क्रमांक घातला आणि ते प्रकल्पाच्या फाईलला रीतसर लावले. नवीन माणूस रुजू झाला की आम्ही ती फाईल त्याला वाचायला देतो.

खाजणवाडीचे नाव यादीत लागले. धक्का व्हायला पुढे बराच काळ गेला, आणि झाला तो अपेक्षेपेक्षा अरुंद झाला. तरी होड्या आता चिखलातून ओढाव्या लागत नाहीत. पार्वतीने नानांना धक्का दाखवायला नेले तेव्हा नानांनी तो पावलांनी मोजला आणि मंजूर लांबीपेक्षा किंचित कमी भरतो असे तिला सांगितले. त्यांच्या स्वभावाचा हा भाग लपवण्यात अर्थ नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढलेल्या पानांची संख्या यजमानाला सांगतात. भजन चालू असताना टाळांच्या जोड्या मोजतात. सुमनवहिनी म्हणतात, की देवळात ते हात जोडतात तेव्हा ओठ हलतात, पण ते स्तोत्र नसते, समया असतात.

वहिनींच्या हातचे जेवण मी कितीदा जेवले असेन याची नोंद मात्र नानांकडेही नसेल. प्रोग्राम चालला त्याच आठवड्यात त्यांनी मला प्रथम घरी बोलावले. मला मासे चालत नाहीत म्हणून वहिनींनी काळ्या वाटाण्यांचे सांबारे आणि आंबोळ्या केल्या होत्या. पाहुणीला एकटे वाटू नये म्हणून नानांनी त्या दिवशी स्वतःही मासे खायचे नाहीत असे ठरवले होते. तो त्याग ते कसेबसे पार पाडत होते. चेहरा असा होता, की तिसऱ्या आंबोळीला मीच हात जोडून वहिनींना म्हटले, यांना काहीतरी तळून द्या. तुकडी पानात पडल्यावर त्यांना क्लोजरविषयी आणखी एक मुद्दा आठवला.

निवृत्तीनंतर नानांच्या पडवीत आठवड्यातून दोनदा वर्ग भरतो. कॉलेजातल्या मुली येतात, आमच्या कार्यालयातली नवी मंडळी येतात. सगळे मालवणीत चालते. फंक्शन लिहून झाले की नाना विचारतात, ह्या काय काय धरून बसला आसा? उत्तर देता आले तरच पुढची ओळ. परवा मुलीने त्यांना भरपूर स्मृतीचा नवा लॅपटॉप पाठवला. मी अभिनंदन करायला गेले तर नाना त्याच्यासमोर खिन्न बसले होते. काहीही उघडले तरी चालते, म्हणाले, काहीच अडत नाही. "जागा इतकी आसा. आता चुकी गावतली कशी?"

नाना, या अंकाच्या निमित्ताने आम्हा सर्वांच्या वतीने मला तुमच्यासाठी मागणे मागायचे आहे. तुमची तब्येत अशीच काटक राहो, डोळ्यांना नवा चष्मा मानवो, वहिनींना आणि तुम्हाला एकमेकांची सोबत खूप खूप वर्षे लाभो. यात वर्षांचा आकडा घालावा म्हणून मी गेल्या आठवड्यात फोन केला आणि म्हटले, शंभर लिहिते. पलीकडून लगेच प्रश्न आला, की शंभर हा अंदाज की मोजलेला आकडा? मी म्हटले, अंदाज. मग अंदाजापुढे अधिक-उणे लिहावे लागते, बाय, असे बजावून नानांनी फोन ठेवला.

नाना, उणे मी लिहिणार नाही. शंभर, अधिक कितीही.